बटू पाणबुड्यांचा न मांडलेला हिशेब

मार्च १९४२मध्ये जपानी आरमाराने पर्ल हार्बरच्या हल्ल्यात कामी आलेल्या नऊ नौसैनिकांना ‘युद्धदेव’ म्हणून गौरवले. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे झळकली, प्रत्येकाला मरणोत्तर दोन पायऱ्यांची बढती मिळाली. हे नऊही जण बटू पाणबुड्यांवरचे होते. पाच बोटी परतल्या नाहीत हे आधीच जाहीर झाले होते आणि प्रत्येक बोटीत दोन माणसे असत, तेव्हा दहावा कुठे गेला हा प्रश्न कुणालाही पडावा. तो दहावा, कझुओ साकामाकी नावाचा तरुण अधिकारी, अमेरिकेच्या कैदेत होता आणि म्हणूनच त्याचे नाव त्या यादीत नव्हते. जपानच्या बटू पाणबुड्यांवर आजवर जे लिहिले गेले त्याचा सूर बहुतेक वेळा एकच असतो: माणसे शूर, हत्यार कुचकामी. हा निकाल मला अपुरा वाटतो. हत्यारात दोष होते, पण ते दुरुस्त होण्यासारखे होते आणि काही झालेही. खरा दोष असा की हल्ल्याचा निकाल काय लागला हे जपानी आरमाराने स्वतःला कधी धडपणे विचारले नाही. गेलेल्या प्रत्येक बोटीचे रूपांतर गौरवात झाले आणि पुढची मोहीम आधीच्या निकालावर न बेतता त्या गौरवावर बेतली गेली. दहाव्या माणसाला वगळून केलेली नऊची मोजणी हा त्या सवयीचा पहिला नमुना.

या बोटींचा जन्म बंदरांसाठी झालाच नव्हता. १९२२च्या वॉशिंग्टन कराराने मोठ्या युद्धनौकांच्या बाबतीत अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांचे प्रमाण ५:५:३ असे बांधून टाकले. संख्येत कायमचे मागे राहणार हे ठरल्यावर जपानी नौदलाने एकाच निर्णायक लढाईची कल्पना उराशी धरली: अमेरिकेचा ताफा पॅसिफिक ओलांडून येणार, वाटेत त्याला जागोजागी पोखरायचे आणि जपानजवळच्या समुद्रात गाठून संपवायचे. पोखरण्याच्या साधनांपैकी एक म्हणून १९३०च्या दशकात ‘को-ह्योतेकी’ ही बोट तयार झाली. लांबी जेमतेम २४ मीटर, वजन ४६ टन, आत दोन माणसे, पुढे दोन पाणतीर. चितोसे आणि चियोदा यांसारख्या जहाजांच्या पोटातून अशा डझनभर बोटी शत्रूच्या ताफ्याच्या वाटेत सोडायच्या, त्यांनी पाण्याखालून १९ नॉटच्या वेगाने झेप घ्यायची आणि पाणतीर सोडून मोकळे व्हायचे, अशी योजना होती. त्या काळातल्या मोठ्या पाणबुड्यांचा पाण्याखालचा वेग याच्या निम्म्याच्या आसपास असे, हे लक्षात घेतले म्हणजे अभियंत्यांनी काय साधले होते ते कळते. पण या वेगाची किंमत होती. बोट केवळ बॅटरीवर चाले आणि बॅटरी भरण्याची सोय बोटीत नव्हती. पूर्ण वेगाने गेल्यास तासाभरात सारे संपे. संथ, ६ नॉटने गेल्यास सुमारे ८० सागरी मैल गाठता येत. पाणतीर सुटला की पुढचा भाग हलका होऊन नाक पाण्याबाहेर येई. उघड्या समुद्रात, आपलेच जहाज जवळपास असताना आणि भोवती मोठी लढाई पेटलेली असताना हे सारे चालून गेले असते. अनोळखी बंदराच्या अरुंद तोंडातून रात्री वाट काढायची, दिवसभर तळाशी दबा धरून बसायचे आणि नंतर परत यायचे, या कामाला ती बोट जुंपणे म्हणजे शंकरपटाचा बैल नांगराला जुंपण्यासारखे होते.

तरी ते झाले. मोठ्या लढाईची वाट पाहण्यापेक्षा शत्रूच्या बंदरातच शिरावे, असा आग्रह या बोटींवरच्या तरुण अधिकाऱ्यांनी धरला. नाओजी इवासा हे त्यांतले पुढचे नाव. जपानच्या संयुक्त ताफ्याचे प्रमुख यामामोतो यांनी आधी नकार दिला, कारण माणसे परत येण्याची सोय दिसत नव्हती. हवाईतल्या लानाई बेटाच्या पश्चिमेला मोठ्या पाणबुड्या थांबतील आणि चालकांना उचलून घेतील अशी तरतूद आराखड्यात आल्यावरच त्यांनी होकार दिला. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण या मोहिमा पहिल्या दिवसापासून आत्मघाताच्याच होत्या असे सर्रास लिहिले जाते. कागदावर तसे नव्हते. पण बॅटरीचे गणित ज्यांना माहीत होते त्यांनी परतीच्या त्या ओळीवर विश्वास ठेवला असेल, असे मानणे कठीण आहे. पुढे ऑस्ट्रेलियातल्या सिडनी बंदरावरच्या हल्ल्याच्या वेळीही पोर्ट हॅकिंगजवळ भेटीची जागा ठरली होती. मोठ्या पाणबुड्या तिथे ३ जूनपर्यंत थांबल्या. परत कुणीच आले नाही.

पर्ल हार्बरला काय घडले ते जरा जवळून पाहू. ७ डिसेंबर १९४१च्या पहाटे आय-१६, आय-१८, आय-२०, आय-२२ आणि आय-२४ या पाणबुड्यांनी पाच बटू बोटी सोडल्या. पहाटे पावणेचारच्या सुमाराला सुरुंग काढणाऱ्या ‘काँडोर’ या अमेरिकी बोटीला बंदराच्या तोंडाशी पेरिस्कोप दिसला. पावणेसातला ‘वॉर्ड’ या जुन्या विनाशिकेने एका जहाजामागून चोरपावलांनी शिरू पाहणारी बटू बोट हेरली. तोफेचा दुसरा गोळा बोटीच्या मनोऱ्याच्या बुडाशी लागला. लगोलग पाणबाँब टाकले गेले आणि कप्तानाने बिनतारी संदेश पाठवला. विमाने यायला तेव्हा तासभर अवकाश होता. साठ वर्षांनी, २००२मध्ये, ४०० मीटर खोल पाण्यात ती बोट सापडली तेव्हा गोळ्याचे भोक तिच्या मनोऱ्यात जसेच्या तसे होते. आता या घटनेचे वजन करून पाहा. साऱ्या हल्ल्याची मदार अचानकपणावर होती. शेकडो विमाने, सहा विमानवाहू जहाजे, महिन्यांची गुप्तता. पाच बटू बोटींमुळे हे सगळे पणाला लागले, आणि तेही चार-दहा पाणतीरांची भर पडावी म्हणून. संदेश वरपर्यंत पोचून त्यावर कृती व्हायला वेळ लागला, हे जपानचे नशीब. योजनेतली हुशारी त्यात कुठेही नव्हती.

साकामाकीच्या बोटीची कथा तर दोषांची उजळणीच आहे. सोडण्याआधीच तिचे जायरो होकायंत्र बिघडल्याचे कळले होते. तरीही त्याने निघायचे ठरवले. दिशा कळेना, बोट प्रवाळखडकांवर पुन्हा पुन्हा अडकली, पाणतीराची नळी निकामी झाली, बॅटरीच्या वायूने दोघे गुदमरले. अखेर ओआहू बेटाच्या पूर्व किनाऱ्याला बोट लागली, स्फोटके पेटली नाहीत, सोबती कियोशी इनागाकी बुडाला आणि साकामाकी अमेरिकेचा पहिला जपानी युद्धकैदी ठरला. ‘वॉर्ड’ने बुडवलेल्या बोटीखेरीज आणखी एक बोट बंदराच्या आत ‘मोनॅहन’ या विनाशिकेने धडक देऊन बुडवली. एक पुढे १९६०मध्ये एका उथळ खाडीत सापडली. पाचवीबद्दल वाद आहे. हल्ल्याच्या वेळी विमानातून घेतलेल्या एका छायाचित्रात ती युद्धनौकांच्या रांगेवर पाणतीर सोडताना दिसते, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते निर्विवाद नाही. पण वादापुरते मान्य केले, तरी विमानांनी आधीच फोडलेल्या रांगेत एका पाणतीराची भर पडली, एवढाच त्याचा अर्थ. जपानने मात्र ‘अॅरिझोना’ ही युद्धनौका बुडवण्याचे श्रेय या बोटींकडे वळवले. ‘अॅरिझोना’ विमानातून पडलेल्या बाँबने फुटली होती आणि ज्या वैमानिकांनी ते डोळ्यांनी पाहिले त्यांना हा प्रचार साहजिकच झोंबला. एका बोटीकडून रात्री आलेल्या यशाच्या संदेशावर एवढा डोलारा उभा राहिला. पुढच्या मोहिमा याच आधारावर मंजूर झाल्या.

हे खरे की मधल्या महिन्यांत काही सुधारणा झाल्या. मोठी पाणबुडी पाण्याखाली असतानाच बटू बोटीत शिरता यावे म्हणून जोडमार्ग बसवला गेला, जाळे कापण्याची पाती आली. पण सुधारणा बोटीत झाल्या, तिला देण्यात येणाऱ्या कामाचा फेरविचार झाला नाही. सिडनीत ते उघडे पडले. ३१ मे १९४२च्या रात्री तीन बोटी बंदरात शिरल्या. चुमान आणि ओमोरी यांची बोट रात्री आठच्या सुमाराला पाणबुडीविरोधी जाळ्यात अडकली. जाळे अजून अर्धवटच होते, दोन्ही टोकांना भरपूर मोकळी जागा होती, आणि तरी ती त्यातच सापडली. बंदराच्या एका रखवालदाराला जाळ्यात काहीतरी विचित्र दिसले, तो होडी वल्हवत जवळ गेला, पाहून आला आणि त्याने गस्तीच्या बोटीला कळवले. पुढचे दोन तास ऑस्ट्रेलियन नौदल चाचपडत राहिले. शेवटी साडेदहानंतर त्या दोघांनी स्वतःच बोट उडवून दिली. मात्सुओ आणि त्सुझुकू यांच्या बोटीचे नाक ठेचले गेले होते. पाणतीर बाहेर पडूच शकत नव्हते. टेलर्स बेमध्ये पाणबाँबच्या माऱ्यात ती सापडली आणि दोघांनी स्वतःला गोळी घालून घेतली. तिसऱ्या बोटीने मात्र ‘शिकागो’ या अमेरिकी क्रूझरवर दोन पाणतीर सोडले. एक गार्डन आयलंडच्या किनाऱ्यावर न फुटता जाऊन पडला. दुसरा ‘कुट्टाबुल’ या जहाजाखाली फुटला. ही जुनी प्रवासी फेरीबोट होती, नौसैनिकांच्या निवासासाठी वापरलेली. झोपेतल्या २१ जणांचा जीव गेला. ‘शिकागो’ला ओरखडाही आला नाही. तिसरी बोट बंदराबाहेर निसटली. तिचा सांगाडा २००६मध्ये हौशी पाणबुड्यांना सिडनीच्या उत्तरेकडच्या समुद्रात सापडला. या मोहिमेआधी सिडनीवर टेहळणीचे विमान उडवणाऱ्या पाणबुड्यांत आय-२९ होती. तीच आय-२९ जिने एप्रिल १९४३मध्ये मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोसांना आपल्याकडे घेतले. मोठ्या पाणबुडीच्या हातून काय काय होऊ शकत होते, याची ही एक आठवण.

सिडनीबद्दल हमखास निघणारा आक्षेप असा: प्रत्यक्ष नुकसान थोडे झाले, पण दहशत बसली, बंदरकाठची घरे सोडून माणसे आत गेली, ऑस्ट्रेलियाला किनाऱ्यावर जहाजांचे संरक्षित ताफे चालवावे लागले. दहशतीची गोष्ट खरी आहे. पण ताफे कशामुळे सुरू झाले ते तारखाच सांगतात. बटू बोटी गमावल्यावर मोठ्या पाणबुड्या नेहमीच्या कामाला लागल्या. ३ जूनला आय-२४ने ‘आयर्न चीफटन’ बुडवले. दुसऱ्या दिवशी आय-२७ने ‘आयर्न क्राऊन’ बुडवले. त्यावरच्या ४३ पैकी ३८ जणांचा अंत झाला. ८ जूनला सिडनी आणि न्यूकासलवर तोफगोळे पडले. आणि ताफ्यांची पद्धत याच दिवसांत सुरू झाली. म्हणजे ज्या पाणबुड्यांनी आपल्या पाठीवर बटू बोटी वाहून हजारो मैल आणल्या, त्यांनी ते ओझे उतरल्यावर आठवडाभरात अधिक काम केले. बटू पाणबुडीची खरी किंमत लोखंड आणि बॅटरीत मोजायची नाही. ती वाहून नेण्यात गुंतलेल्या मोठ्या पाणबुडीचे वाया गेलेले आठवडे त्या हिशेबात धरायला हवेत, आणि जपानने ते कधी धरले नाहीत.

माझ्या म्हणण्याला सर्वांत जड उत्तर आहे ते दिएगो सुआरेजचे, आणि ते टाळून चालणार नाही. मे १९४२मध्ये ब्रिटनने मादागास्करच्या उत्तर टोकाचे हे बंदर फ्रेंचांच्या विशी सरकारकडून घेतले. हिंदी महासागरातला भारताकडे आणि मध्यपूर्वेकडे जाणारा मार्ग जपानच्या हाती पडू नये, हे कारण. ३० मेच्या रात्री आय-१६ आणि आय-२० यांनी दोन बटू बोटी सोडल्या. आय-१८ला इंजिनाच्या बिघाडामुळे तिची बोट सोडताच आली नाही. आदल्या दिवशी जपानी टेहळणी विमान बंदरावरून गेले तेव्हा ब्रिटिश सावध झाले आणि ‘रॅमिलीज’ या युद्धनौकेने नांगराची जागाही बदलली. तरीही एक पाणतीर तिला लागला, दुसऱ्याने ‘ब्रिटिश लॉयल्टी’ हे तेलवाहू जहाज बुडाले. ‘रॅमिलीज’ जवळपास वर्षभर लढाईबाहेर गेली. चार माणसे आणि दोन छोट्या बोटी देऊन एक युद्धनौका वर्षभर निकामी करणे, हा सौदा कोणत्याही आरमाराला परवडणारा आहे. हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आकिएदा आणि ताकेमोतो यांची बोट खडकाला लागल्यावर ते दोघे पायी, बेटाच्या टोकाशी ठरलेल्या जागी जायला निघाले, २ जूनला ब्रिटिश सैनिकांनी त्यांना गाठले, ते शरण आले नाहीत आणि मारले गेले. आपल्या पाणबुडीपर्यंत परत जायचे, याच निश्चयाने ते चालत होते. या सगळ्या कहाणीत मला सर्वाधिक हळहळ वाटते ती या दोघांची.

पण या यशातून काय शिकता आले असते ते पाहा. दिएगो सुआरेजला जाळी नव्हती, बंदर नुकतेच हाती आलेले, संरक्षण विस्कळीत. म्हणजे संधी होती ती घाईने वसवलेल्या, अर्ध्या तयारीच्या तळांवर. शिवाय निकामी झालेल्या युद्धनौकेचा फायदा उठवायला हिंदी महासागरात जपानी ताफा असायला हवा होता. तो तेव्हा मिडवेच्या वाटेवर होता. आणि याच मोहिमेतल्या मोठ्या पाणबुड्यांनी जून-जुलैत मोझांबिकच्या सामुद्रधुनीत वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली. उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश सैन्याची रसद याच मार्गाने जात होती. पाणतीर नेमका कुठे टोचला तर दुखेल याचे उत्तर समोर होते. जपानने ते उत्तर वाचले नाही, बटू बोटींचा गौरव वाचला.

छोटी पाणबुडी हे मुळातच चुकीचे साधन, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. १९ डिसेंबर १९४१ला, पर्ल हार्बरनंतर बाराच दिवसांनी, सहा इटालियन पाणबुडे तीन स्वारीच्या पाणतीरांवर बसून अलेक्झांड्रियाच्या बंदरात शिरले आणि त्यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ आणि ‘व्हॅलियंट’ या दोन युद्धनौका तळाला टेकवल्या. सहाही जण पकडले गेले, सहाही जण जगले. सप्टेंबर १९४३मध्ये ब्रिटनच्या सहा एक्स-बोटी नॉर्वेच्या फ्योर्डात ‘टिर्पिट्झ’ आणि इतर जर्मन युद्धनौकांवर निघाल्या. सहाही बोटी गमावल्या गेल्या, नऊ माणसे मेली, सहा पकडली गेली, आणि ‘टिर्पिट्झ’ अनेक महिने जागची हलली नाही. नुकसानीत ब्रिटिश आणि जपानी यांत फार अंतर नव्हते. अंतर होते ते बांधणीत आणि हिशेबात. एक्स-बोटीत डिझेल इंजिन होते, बॅटरी वाटेत भरता येई, पाणबुड्याला बाहेर पडून जाळे कापता येई, आणि पाणतीर न सोडता जहाजाच्या बुडाखाली स्फोटके ठेवली जात. नांगरलेल्या जहाजासाठीच ती बोट घडवली होती. पुढच्याच वर्षी एक्स-२४ ही बोट बर्गन बंदरात दोनदा गेली आणि दोन्ही वेळा माणसांसह परतली. परत आलेला चालक काय चुकले ते सांगू शकतो, त्यावरून पुढची बोट सुधारते. युद्धदेव काही सांगू शकत नाहीत. साकामाकीकडे त्या पहाटेची जेवढी माहिती होती तेवढी जपानमध्ये कुणाकडेच नव्हती, आणि त्याच्या जिवंत असण्याचीच लाज वाटणाऱ्या व्यवस्थेला ती माहिती नको होती.

१९४२च्या अखेरीस ग्वादालकॅनालजवळ आठ बटू बोटी सोडल्या गेल्या. ‘माजाबा’ आणि ‘अल्चिबा’ या दोन मालवाहू जहाजांना त्यांनी जखमी केले, दोन्ही वाचली. मात्र किनारा आपल्या ताब्यात असल्याने काही चालक बोट सोडून परतू शकले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अल्यूशियन बेटांतल्या किस्का येथे नेलेल्या सहा बोटी बाँबहल्ल्यांत आणि माघारीत संपल्या. फिलिपिन्समध्ये सेबूहून लढलेल्या बोटींच्या नावावर जपानने पुष्कळ जहाजे मांडली, त्यांतली फारच थोडी दुसऱ्या बाजूच्या नोंदींशी जुळतात. १९४५च्या जानेवारीत अमेरिकी सेनापती मॅकआर्थर ज्या ‘बॉइस’ क्रूझरवर होते तिच्यावर एका बोटीने पाणतीर सोडले. ते चुकले आणि एका विनाशिकेने त्या बोटीला धडक देऊन बुडवले.

कैतेन हे आत्मघाती मानवी पाणतीर या सगळ्याचा अपघाती शेवट नव्हे. ते सुचवणारे हिरोशी कुरोकी आणि सेकिओ निशिना हे दोघेही बटू पाणबुड्यांच्याच दलातले. परतीची ओळ आराखड्यात होती तोवर ती खोटी का असेना, कुणालातरी लिहावी लागत होती. १९४४पर्यंत ती लिहिण्याचीही गरज उरली नाही. कुरोकी सप्टेंबर १९४४मध्ये सरावातच गेला. त्याचे यान चिखलात रुतले आणि आतली हवा संपेपर्यंत तो काय बिघडले, काय सुधारायला हवे हे टिपत राहिला. ज्या नोंदी तीन वर्षे कुणी मागितल्या नव्हत्या त्या एका मरणाऱ्या माणसाने आपणहून लिहिल्या, आणि त्या लिहिल्या त्या परत न येण्याच्या यंत्रासाठी. २० नोव्हेंबरला पॅसिफिकमधल्या उलिथी येथे कैतेनने ‘मिसिसिनेवा’ हे तेलवाहू जहाज बुडवले, ६३ अमेरिकी मेले. जुलै १९४५मध्ये ‘अंडरहिल’ ही संरक्षक विनाशिका बुडाली. कैतेनच्या खात्यावर एवढीच दोन मोठी नावे ठामपणे मांडता येतात. त्यासाठी सराव धरून शंभरहून अधिक कैतेनचालक गेले, आणि कैतेन वाहून नेणाऱ्या आठ मोठ्या पाणबुड्या परतल्या नाहीत. त्यांवरची माणसे आठशेच्या आसपास होती. त्यांना युद्धदेव कुणी म्हटले नाही, आणि मोहिमेच्या जमाखर्चात त्यांची नोंद खर्चाच्या बाजूला क्वचितच होते.

जाता जाता कोर्‍यूबद्दल, कारण तिचा दाखला देऊन ‘जपान शेवटी शिकला’ असे म्हटले जाते. पाच माणसांची ही बोट खरोखरच चांगली होती. डिझेलवर बॅटरी भरत असे, पल्ला मोठा, आणि मोठ्या पाणबुडीच्या पाठीवर बसायची गरज नाही. युद्ध संपेपर्यंत अशा ११५ बोटी तयार झाल्या होत्या आणि जवळपास पाचशे कारखान्यांत अर्धवट होत्या. पण डिझेल इंजिन आणि बॅटरी भरण्याची सोय हवी, ही गोष्ट १९४१च्या डिसेंबरात लानाईजवळ रिकाम्या समुद्रावर वाट पाहणाऱ्या पाणबुड्यांनाच कळली होती. पुढे काही बोटींत छोटे जनित्र बसवले गेलेही, पण या गरजेभोवती घडवलेली नवी बोट यायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. ती आली तेव्हा तेल संपले होते, आकाश अमेरिकेचे होते, आणि त्या ११५ बोटी जपानमधल्या कुरे बंदराच्या गोद्यांत आणि किनाऱ्यालगतच्या तळांवर अमेरिकी सैन्य उतरण्याची वाट पाहत उभ्या होत्या.